टोकावर उभा केलेला चौरस: लहान मुलांपर्यंत आकाराची व्याख्या कशी पोहोचते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी सहा वर्षांची असून पहिलीत शिकते. चौरस, आयत, त्रिकोण, वर्तुळ ही नावे तिला येतात आणि पुस्तकातील चित्रे ती न चुकता ओळखते. परंतु चौरसाचा कागद फिरवून टोकावर उभा धरला, की ती म्हणते, “हा चौरस नाही, ही शंकरपाळी आहे.” लांबट, निमुळत्या त्रिकोणाला ती त्रिकोण मानत नाही आणि कोपरे गोलसर केलेल्या आकृतीला मात्र खुशाल त्रिकोण म्हणते. ‘तीन सरळ बाजूंनी बंदिस्त असलेली आकृती म्हणजे त्रिकोण’ हे वाक्य आपण तिच्याकडून पाठ करून घेतले. ते तिला बिनचूक म्हणता येते, तरी तिची उत्तरे बदलली नाहीत. चौरस हाही एक आयतच असतो हे तिला आताच सांगावे का, असेही आपण शेवटी विचारले आहे.

मी गेली २४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते आहे आणि त्यातील बराचसा काळ पहिली-दुसरीच्या वर्गांबरोबर गेला आहे. आपण वर्णन केलेले प्रत्येक उत्तर मी जवळजवळ दरवर्षी ऐकते. म्हणून प्रथम हे सांगावेसे वाटते, की आपल्या मुलीला व्याख्या येत नाही ही खरी अडचण नाही. तिच्याजवळ व्याख्या आहे. ती तिने स्वतः तयार केली आहे आणि तिला दाखवलेल्या चित्रांच्या आधारे ती अगदी बरोबर आहे. पाहिलेला प्रत्येक चौरस सपाट बाजूवर बसलेला होता आणि प्रत्येक त्रिकोणाचा पाया खाली, टोक वर व तिन्ही बाजू साधारण सारख्या होत्या. पन्नास चित्रांमध्ये जे न बदलता दिसले, ते तिने आकाराचे लक्षण मानले. आपण पाठ करून घेतलेले वाक्य या समजुतीच्या शेजारी जाऊन बसले आहे. त्याने समजुतीला हात लावलेला नाही. त्यामुळे तिला आणखी शब्द देण्यापेक्षा तिच्यासमोर येणारी उदाहरणे बदलणे हे आपले पहिले काम आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. चार वर्षांच्या मुलाला मी व्याख्येच्या वाटेला जाऊच देणार नाही. त्याने आकार हाताळावेत, रचावेत, एकमेकांवर ठेवून पाहावेत, एवढे पुरे. शाळेत इंग्रजी नावे आणि घरी मराठी नावे असतील, तर चुकीचे कारण भूमितीत नसून भाषेत असू शकते, म्हणून एकदा नाव न विचारता “यासारखा दुसरा दे” असे सांगून पाहावे. आणि मूल थकलेले असताना घेतलेल्या तोंडी परीक्षेवरून काहीही ठरवू नये.

या विषयाचा सर्वांत उपयुक्त विचार मला पिएर व्हान हिले आणि डीना व्हान हिले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याच्या कामात सापडला. दोघांनी १९५७ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात भूमितीच्या अध्यापनावर प्रबंध सादर केले. त्यांचे म्हणणे असे, की भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. पहिल्या पायरीवर मूल आकार संपूर्ण चेहऱ्याप्रमाणे ओळखते: हे दारासारखे दिसते, म्हणून आयत. दुसऱ्या पायरीवर ते गुणधर्म पाहू लागते: बाजू किती, कोपरे कसे. गुणधर्मांचे परस्परसंबंध तिसऱ्या पायरीवर कळतात आणि व्याख्या या शब्दाला खरा अर्थ तेथेच येतो. या मांडणीतील दोन गोष्टी माझ्या वर्गात मला पुन्हा पुन्हा पटल्या. पायरी केवळ वय वाढल्याने चढली जात नाही, ती अनुभवाने चढली जाते. आणि दोन वेगळ्या पायऱ्यांवरील माणसे एकच शब्द वापरत असली, तरी एकमेकांचे बोलणे त्यांना समजत नाही. आपण ‘तीन बाजू’ म्हणता तेव्हा बाजू मोजत असता, आपली मुलगी मात्र त्या वेळी चेहरा पाहत असते.

तिचा टोकावरचा चौरस आपण थोडा अधिक आदराने पाहावा, अशी माझी विनंती आहे. चौरस टोकावर उभा केला की डोळ्याला तो वेगळाच आकार वाटतो, हे एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञानेही नोंदवले होते; मोठ्यांचे डोळेही तसेच फसतात. दुसरे कारण आपल्या लिपीत आहे आणि ते लक्षात यायला मला स्वतःला फार वर्षे लागली. ज्या वर्षी आपण मुलांना आकार शिकवतो, त्याच वर्षी ३ आणि ६ हे वेगळे अंक आहेत हेही शिकवतो. या दोन अंकांत फरक जवळजवळ एवढाच, की तोंड कोणत्या दिशेला आहे. मुलाने ३ उलटा काढला की आपण तो खोडतो. म्हणजे सकाळच्या तासाला ‘दिशा बदलली की वस्तू बदलते’ हा नियम आपण पक्का करतो आणि दुपारच्या तासाला ‘दिशा बदलली तरी आकार तोच’ असे सांगतो. हे दोन्ही नियम आपापल्या जागी खरे आहेत, पण त्यांच्यातील फरक मुलाला कोणी उघडपणे सांगत नाही. तो सांगावा. “अक्षरे-अंक फिरवले की बदलतात, आकार फिरवले तरी बदलत नाहीत,” हे वाक्य मी आता पहिल्याच आठवड्यात म्हणते आणि लगेच करूनही दाखवते.

करून दाखवण्याची रीत साधी आहे. जाड पुठ्ठ्याचा एक चौरस कापावा, त्याच्या एका कोपऱ्यावर टिकली चिकटवावी आणि तो मुलीसमोर अगदी हळू फिरवावा. थोड्या थोड्या अंतराने थांबून एवढेच विचारावे, “आता चौरस आहे का?” ती बराच वेळ ‘हो’ म्हणते आणि एखाद्या ठिकाणी ‘नाही’ म्हणते. तेथे आपण उत्तर दुरुस्त करू नये. “मग यातले काय बदलले? बाजू लहान झाली का? कोपरा उघडला का?” असे विचारावे आणि पुठ्ठा पुन्हा मागे फिरवावा. ‘कोणत्या क्षणी तो चौरस राहिला नाही’ हे तिला दाखवता येत नाही आणि ते दाखवता येत नाही हे तिचे तिलाच जाणवते. एका दिवसात मत बदलेलच असे नाही. माझ्या वर्गात काही मुलांना तीन-चार आठवडे लागतात.

आता त्रिकोणाकडे येऊ, कारण व्याख्या घडते कशी हे त्यात सर्वांत स्वच्छ दिसते. दोन ताटे घ्यावीत, एक ‘त्रिकोण’ आणि दुसरे ‘त्रिकोण नाही’. कागदाचे साधारण वीस तुकडे आपण स्वतः कापावेत, कारण बाजारात मिळणाऱ्या संचात बहुधा एकाच घाटाचा त्रिकोण असतो. पहिल्या ताटात जाणाऱ्या तुकड्यांत शक्य तेवढी विविधता हवी: सुईसारखा निमुळता, पसरट, काटकोनाचा, अगदी लहान, टोक खाली असलेला, रंगीत, पांढरा. दुसऱ्या ताटाचे तुकडे त्याहून विचारपूर्वक निवडावे लागतात. वर्तुळ आणि तारा ठेवून काही साधत नाही, कारण ते कोणीही बाजूला काढेल. येथे थोडक्यासाठी चुकलेले तुकडे हवेत: दोन बाजू सरळ पण तिसरी वाकडी, अशी कलिंगडाच्या फोडीसारखी आकृती, कोपरे गोल केलेला त्रिकोण, एक टोक जरासे छाटल्यामुळे चार बाजूंचा झालेला तुकडा, आणि कागदावर काढलेली, एका कोपऱ्यात न जुळलेली तीन रेषांची आकृती. प्रत्येक तुकड्यात एकच अट मोडलेली असावी. तरच ‘हा का नाही?’ या प्रश्नाला एकच नेमके उत्तर येते आणि ती उत्तरे एकत्र केली की ‘सरळ’, ‘तीन’, ‘मिटलेली’ हे शब्द मुलाच्याच तोंडून निघतात. जे वाक्य आपण पाठ करून घेतले होते, तेच हे शब्द आहेत. फरक इतकाच, की आता प्रत्येक शब्दाला नाकारलेला एक तुकडा चिकटलेला आहे. व्याख्या म्हणजे आकाराचे वर्णन नसून आत काय घ्यायचे आणि बाहेर काय ठेवायचे याचा निवाडा आहे, हे सहा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगता येणार नाही, पण दोन ताटांपुढे बसून ते तसेच वागू लागते.

मुलीने निमुळता त्रिकोण ‘नाही’च्या ताटात टाकला, तर तो तेथेच राहू द्यावा. मी एवढेच म्हणते, “तो तिथे का गेला ते मला सांग.” “तो त्रिकोणासारखा दिसत नाही,” असे उत्तर आले तर समजावे की मूल अजून चेहरा पाहते आहे. मग त्या तुकड्याच्या आणि तिने मान्य केलेल्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर एकेक चुरमुरा ठेवून मोजायला सांगावे. कोपरे मोजण्याचा आग्रह मराठीत विशेष सोपा जातो, कारण त्रिकोण आणि चौकोन ही नावेच कोन मोजून ठेवलेली आहेत.

चौरसासाठी मात्र केवळ वर्गीकरण पुरत नाही. येथे मी स्वतः केलेली एक चूक सांगते. सुरुवातीची काही वर्षे मी फळ्यावर लिहीत असे, ‘ज्याच्या चारही बाजू सारख्या, तो चौरस.’ टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी देशभर पोहोचवलेली आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची जोडणी आम्ही वर्गात करत होतो. एका मुलाने चार काड्यांचा चौरस तयार केला, समोरासमोरचे दोन कोपरे बोटांनी दाबले आणि चेपलेली आकृती उचलून धरून विचारले, “बाई, बाजू त्याच आहेत. मग हाही चौरसच ना?” माझ्या वाक्याप्रमाणे तो चौरसच होता. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की मी मुलांना अर्धी व्याख्या दिली होती आणि उरलेली अर्धी चित्राच्या भरवशावर सोडली होती.

ही जोडणी आपण घरी अवश्य करावी. टोकाचा मसाला खरवडून काढलेल्या आगकाड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे पुरेसे आहेत. ट्यूब न मिळाल्यास खराट्याचे हीर आणि चिकणमातीचे गोळे चालतात, मात्र मातीचा सांधा हलताना लवकर सुटतो. तीन काड्यांची आकृती दाबली तर ती हलत नाही, चार काड्यांची हलते. चौरसाला बाजूंबरोबर कोपऱ्यांचीही अट का लागते, हे त्या हलण्यातून हाताला कळते. काड्यांऐवजी ३, ४ आणि ९ सेंटिमीटरच्या पट्ट्या देऊन त्रिकोण करायला सांगितला, तर तो मिटतच नाही आणि ‘कोणत्याही तीन बाजू’ पुरत नाहीत हेही मूल पाहते. त्यामागचा नियम मात्र आता सांगू नये.

कोपरा तपासायला मोजमापाची गरज नाही. कोणताही वेडावाकडा कागद एकदा दुमडावा, मग दुमडलेली कडा त्याच कडेवर नीट बसेल असा पुन्हा दुमडावा. जो कोपरा मिळतो तो काटकोन. आमच्या वर्गात प्रत्येकाच्या दप्तरात असा एक कागदी कोपरा असतो. गवंडी ज्यासाठी गुण्या लावतो, त्यासाठीच मुले तो फरशीला, वहीला, खिडकीला लावून पाहतात. टोकावर उभ्या केलेल्या चौरसातही तो अचूक बसतो आणि चेपलेल्या काड्यांच्या आकृतीत बसत नाही. डोळ्याचा निर्णय आणि कोपऱ्याचा निर्णय वेगळा आला, तर कोणाचे मानायचे, हा प्रश्न या वेळी मुलांसमोर पहिल्यांदाच उभा राहतो आणि मला तो संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो.

आपल्या मुलीची शंकरपाळी येथे फार कामी येईल. शंकरपाळ्यांसाठी लाटलेल्या पोळीवर कातण्याने सारख्या अंतरावर समांतर रेघा ओढाव्यात, मग त्याच अंतरावर दुसऱ्या रेघा आडव्या, अगदी काटकोनात ओढाव्यात, चौरस मिळतात. दुसऱ्या पोळीवर अंतर तेच ठेवून दुसऱ्या रेघा तिरप्या ओढाव्यात, शंकरपाळ्या मिळतात. दोन्हीकडे प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजू सारख्या असतात, फक्त कोपरे वेगळे. नंतर एक चौरस तुकडा टोकावर आणि एक शंकरपाळी तशीच टोकावर ठेवून कागदी कोपरा लावायला सांगावे. ‘टोकावर उभे असणे’ आणि ‘शंकरपाळी असणे’ या दोन गोष्टी तिने आजवर एक मानल्या आहेत. त्या येथे सुटतील. समभुज चौकोन हे नाव तिला आज दिले नाही तरी काही बिघडत नाही.

वर्तुळाच्या बाबतीत भाषेचा अडथळा अधिक आहे. आपण लाडू, पोळी, बांगडी आणि अंडे या सर्वांना सर्रास गोल म्हणतो. त्यामुळे मी वर्तुळाची व्याख्या करण्याऐवजी ते करायला लावते. अंगणात एका मुलाने दोरीचे एक टोक जमिनीवर दाबून धरायचे, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला खडू बांधून दोरी ताणून फिरायचे. दोरी सैल पडली तर रेघ आत येते आणि सगळी मुले ओरडून ते सांगतात. ‘मधल्या ठिकाणापासून सगळीकडे सारखे लांब’ ही व्याख्या येथे कोणी पाठ करत नाही, तरी दोरी ताणली पाहिजे असे म्हणणाऱ्या मुलाने ती वापरलेली असते.

याच ओघात एक खबरदारी. लाकडी ठोकळा दाखवून “हा त्रिकोण” म्हणू नये; त्याला जाडी आहे. सामोसा हा त्रिकोण नाही आणि काडेपेटी हा आयत नाही. काडेपेटीला आयताकार पृष्ठे आहेत. ठसे घेतल्याने हा फरक सहज कळतो: कापलेली भेंडी, वाटीची कड, ठोकळ्याची बाजू रंगात बुडवून कागदावर उमटवली, की वस्तू वेगळी आणि तिच्या पृष्ठाचा आकार वेगळा हे समोर दिसते. महाग संचांची यासाठी गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांमध्ये परिसरातील बिया, पाने, खडे, माती यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली होती, आणि आकारांच्या कामाला तीच साधने आजही पुरतात.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे वळते. चौरस हाही आयतच असतो, हे वाक्य सहाव्या वर्षी सांगू नये, परंतु त्याच्या विरुद्ध असे काहीही कधीच सांगू नये. ‘आयत म्हणजे दोन बाजू लांब आणि दोन आखूड’ हे वाक्य सर्रास शिकवले जाते आणि पुढे पाचवी-सहावीत ते खोडून काढताना शिक्षकांची दमछाक होते. त्याऐवजी मी एक ताट ‘चारही कोपरे काटकोनी’ असलेल्या चौकोनांसाठी ठेवते. कागदी कोपरा लावत गेल्यावर चौरस आपोआप त्या ताटात जातो. कोणीतरी हरकत घेतेच, “पण तो तर चौरस आहे!” त्यावर मी म्हणते, “हापूस आंब्याला आपण हापूस म्हणतो, मग तो आंबा नसतो का?” बहुतेक मुलांना एवढे पुरते. ज्यांना पुरत नाही, त्यांना वर्ष-दोन वर्षे वेळ द्यावा, कारण एका गटाच्या पोटात दुसरा गट ठेवणे हे व्हान हिले यांच्या तिसऱ्या पायरीवरचे काम आहे.

मुलाची ही हरकत चुकीची असली तरी निर्बुद्ध नाही, हेही ध्यानात असावे. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात चौरसाची आणि आयताची व्याख्या अशीच वेगवेगळी केली होती: त्याच्या आयताच्या चारही बाजू सारख्या असता कामा नयेत. आयत या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही ‘ताणलेला, लांब’ असा आहे, म्हणजे मुलाची समजूत खुद्द नावातच दडलेली आहे. यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या आपल्या प्राचीन शुल्बसूत्रांनी दोन्ही आकृतींना चतुरस्र म्हटले आणि त्यांना समचतुरस्र व दीर्घचतुरस्र अशी विशेषणे लावली. आपला चौरस हा शब्द त्या चतुरस्रावरूनच आला. आजच्या भूमितीने चौरसाला आयतात घेतले, कारण आयताबद्दल सिद्ध केलेली प्रत्येक गोष्ट, उदाहरणार्थ दोन्ही कर्णांची लांबी सारखी असणे, मग चौरसासाठी पुन्हा सिद्ध करावी लागत नाही. हे कारण चौथी-पाचवीच्या मुलांना सांगता येते आणि त्यांना ते आवडते.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण बहुतेक पालक तिच्याविषयी काळजी करतात. पाहून चौरस काढणे मुलांना साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास जमते. टोकावर उभा असलेला समभुज चौकोन काढायला सहसा सहावे-सातवे वर्ष उजाडते, कारण तिरप्या रेषा हाताला अवघड जातात. त्यामुळे तिच्या वहीतील चित्र वाकडे आले म्हणून तिला आकार समजला नाही असे मानू नका. सुरुवात त्रिकोणाच्या दोन ताटांनी करा, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटांहून अधिक नाही, आणि टिकली लावलेला पुठ्ठा तिच्या हाताशी राहू द्या. मधल्या काळात ती एखाद्या फरशीपाशी थांबून कागदी कोपरा लावू लागली, तर तिला नाव विचारू नका, काय दिसले ते विचारा.